पाचावर धारण

इगोलोच्या रस्त्याला माझं टेबल आहे.
टेबलावर व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्या, काचेचे दोन बुधले,
एक नरसाळं, त्यात गाळायला सेनामीच्या जुन्या झग्याचा तुकडा.
काचेतून ऊन गेलं की पेट्रोल मधासारखं दिसतं.
पोरं फसतात.
एकदाच फसतात.

आम्ही याला क्पायो म्हणतो, म्हणजे अस्सल नव्हे ते.
सीमेपलीकडून येतं, रात्री, मोटारसायकलवर,
माणूस कुठे संपला आणि डबे कुठे सुरू झाले
कळू नये इतकं लादून.

मग त्या वर्षी पलीकडे कुणीतरी भाषण केलं
आणि सरकारी सवलत एका वाक्यात गेली.
सकाळी तिकडचा भाव तिप्पट.
माझी पाचावर धारण बसली.
आठवडाभर बाटल्या उपड्या.
एकीत भुईमुगाचे दाणे भरून पाहिले,
गिऱ्हाइकानं हुंगून परत दिले.

पण नायरा घसरतच राहिला,
पावसाळ्यात लाल मातीचा काठ घसरतो तसा, आवाज न करता.
आमचा फ्रँक मात्र जागच्या जागी,
दुसऱ्याच्या भिंतीतल्या खिळ्याला टांगलेला.
खिळा आमचा नाही, भिंतही नाही,
सदरा खाली पडत नाही एवढं खरं.
त्यांचं महाग झालेलं माझ्या पैशात हळूहळू स्वस्त झालं.
बुधले भरले.
चर्चमध्ये मेणबत्ती लावायला निघाले,
अर्ध्या वाटेत आठवलं हे कुणाच्या घरातून आलंय,
आणि परत फिरले.

रसाकी, सेनामीचा नवरा. इडिरोकोला शाळामास्तर.
पगाराचा आकडा तोच, शिक्क्यासकट.
मोटारसायकल विकली, आता सायकलवर येतो,
खिशात नोटांची जाड गड्डी,
बाजारात काढली की पातळ होते.
त्या दिवशी आम्ही नायरा सोडला, फ्रँक सोडला,
खडूनं टेबलावर नुसते लिटर मांडले.
त्याचा महिना पूर्वी साडेतीनशे लिटरचा होता.
आता सत्तर.
"पाचाला एक," तो म्हणाला. गणिताचा मास्तर.
हसला, पण ते हसू दातांपाशीच राहिलं.

माझा दिवस, पहाटेपासून शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत:
पाच लिटर.

तेवढ्यात लियोंहून माहुन्योनचा फोन.
धाकटा भाऊ, तिथे इस्पितळाच्या फरशा पुसतो.
"ताई, इथे लिटर तुझ्या दुप्पट," कुरकुरला.
तासाला काय मिळतं रे?
त्यानं सांगितलं. रसाकीनं तोंडीच भागलं,
खडू खाली ठेवला.
पाच लिटर.

त्याचा तास. माझा दिवस.
"आणि घरभाडं?" तो ओरडला, "घरभाडं मोज की लिटरमध्ये!"
मोजलं.
तो आकडा मी इथे सांगत नाही, त्यानं शपथ घातलीय.

निघताना रसाकीनं वर्गातलं सांगितलं.
फळ्यावर गणित होतं,
एका माणसाकडे वीस हजार नायरा, तर पेट्रोल किती येईल?
मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली,
"गुरुजी, भाव सकाळचा धरू की आत्ताचा?"

मग तू काय म्हणालास?
"काय म्हणणार. बाटली भर.
तिकडे पंपावर दोन दिवस रांग आहे,
रात्री जनरेटर लावून पेपर तपासायचेत."

मी गळ्यापर्यंत भरली, बूच दाबलं, फडकं गुंडाळलं.
त्याच्याच देशाचं पेट्रोल
सायकलच्या दांड्याला बांधून उलट्या वाटेला लागलं.
शिपायानं अडवलं तर काय सांगशील?

पायडलवर पाय ठेवून तो थोडा थांबला.
"सांगेन, घरी चाललंय."